स्नेहसंमेलन रद्द करण्याआधी

सीमेवर काही घडलं की दोन दिवसांत आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. ‘तिकडे जवान गोळ्या झेलतायत आणि इकडे तुमची नाच-गाणी?’ असं एक बाजू विचारते. दुसरी म्हणते, ‘उलट अशाच वेळी मनोबल लागतं, कार्यक्रम ठेवा, फक्त देशभक्तीपर ठेवा.’ मे २०२५मध्ये आयपीएल थांबली तेव्हाही हेच झालं. शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून स्नेहसंमेलनं या तडाख्यातून सुटली. तोच प्रसंग डिसेंबरात आला असता तर? १९७१चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर असं ऐन संमेलनांच्या हंगामात झालं होतं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पहिला कागद कसला येतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही: ‘सद्यःस्थिती लक्षात घेता यंदाचे स्नेहसंमेलन रद्द करण्यात येत आहे.’

या वादातल्या दोन्ही बाजू शाळेच्या नाटकाला युद्धाच्या तराजूत बसवतात. एकीला ते चैन वाटतं, दुसरीला औषध. नाटकाने आपली जागा युद्धाकडून कमावली पाहिजे, यावर मात्र दोघींचं एकमत आहे आणि माझा विरोध तिथेच आहे. जोवर मुलांना सुरक्षित बसवता येईल अशी जागा आहे, तोवर शाळेचं नाटक, वक्तृत्व मंडळ, हस्तलिखित, विज्ञान मंडळ हे सगळं चालू राहावं. आणि शांततेच्या काळात ते ज्या कारणासाठी चालतं त्याच कारणासाठी चालावं. पंधरा वर्षांच्या मुलीला चाळीस मिनिटांच्या एकांकिकेची जबाबदारी आठ आठवडे पेलता आली पाहिजे, हे ते कारण. लढाई सुरू झाली म्हणून ती गरज संपत नाही.

घाईघाईने सगळं बंद करणं हा शहाणपणा वाटतो, पण त्याचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. ३ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी देशातली सगळी नाट्यगृहं व सिनेमागृहं बंद केली. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून या निर्णयाची सालटी काढली. दोनेक आठवड्यांत बहुतेक ठिकाणचे दरवाजे पुन्हा उघडले, कारण लोकांना अंधारात घरी कोंडून ठेवण्याचे तोटे सरकारला दिसू लागले होते. शाळांचं झालं ते याहून वाईट. १ सप्टेंबरपासून तीन-चार दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसं, त्यांत बहुसंख्य मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली गेली. अपेक्षित बाँबवर्षाव लगेच झाला नाही, आणि जानेवारी १९४०पर्यंत त्यांतले निम्म्याहून अधिक जण घरी परतले. शहरांतल्या अनेक शाळा मात्र बंद. मुलं रस्त्यावर, शिक्षक खेड्यात, आणि काही इमारती नागरी संरक्षण दलाच्या ताब्यात! बंद करायला एक आदेश पुरतो, पुन्हा सुरू करायला माणसं, जागा आणि वेळापत्रक तिन्ही जुळवावी लागतात, हे त्या हिवाळ्यात कळलं.

तरीही विरोधकांचा एक मुद्दा असा आहे की त्यापुढे बाकी सगळं गौण ठरतं. गर्दी हे लक्ष्य असतं. १६ मार्च २०२२ला युक्रेनमधल्या मारिउपोल शहराच्या नाट्यगृहावर हवाई हल्ला झाला. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती, आणि बाहेर जमिनीवर दोन्ही बाजूंना आकाशातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं. हे झाल्यावर ‘कलेला कुणी हात लावत नाही’ असं कोण म्हणेल? हा आक्षेप मी शंभर टक्के मान्य करतो. पण मग त्याच युक्रेनने पुढे काय केलं तेही पाहायला हवं. खारकिव्ह शहर रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. क्षेपणास्त्र सुटल्यापासून पडेपर्यंत मिनिटही मिळत नाही. तिथे सप्टेंबर २०२३पासून मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरू लागले आणि २०२४मध्ये खास बांधलेली पहिली भूमिगत शाळा सुरू झाली. युक्रेनमधल्या अनेक नाट्यगृहांनी एक साधा नियम घालून घेतला: तळघरात जितकी माणसं मावतील तितकीच तिकिटं विकायची. भोंगा वाजला की प्रयोग थांबतो, सगळे खाली जातात, आणि धोका टळल्यावर प्रयोग पुढे चालू होतो किंवा दुसरी तारीख मिळते. सुरक्षिततेच्या आक्षेपाला हे उत्तर आहे, आणि ते आकड्यांत आहे. ‘होणार की नाही’ याऐवजी ‘किती जणांपुढे, किती वेळ आणि कुठून बाहेर’ असं विचारलं की भांडण मिटून नियोजन सुरू होतं.

आता मनोबलवाल्यांकडे वळतो, कारण मला त्यांची भीती जास्त वाटते. बंदी घालणारा निदान प्रामाणिकपणे कुलूप लावतो. हे लोक मंडळ चालू ठेवतात आणि आतून त्याचं युद्धसामग्रीचं कोठार करून टाकतात.

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन हायस्कूलं हा या बाबतीतला सगळ्यात बोलका प्रयोग आहे. तिथे नाटक आणि मंडळं हा शाळेचा कणा होता; अकरावी-बारावीच्या प्रत्येक वर्गाचं स्वतःचं नाटक, वार्षिकांक, वादविवाद मंडळ. सप्टेंबर १९४२मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने ‘हायस्कूल व्हिक्टरी कोअर’ जाहीर केलं. सभासद व्हायचं तर शारीरिक कवायत, युद्धोपयोगी विषयाचा अभ्यास आणि निदान एक युद्धकार्य आवश्यक. वर पाच खास शाखा: हवाई, भूदल, सागरी, उत्पादन आणि समाजसेवा. राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदी पहिल्या महायुद्धाचा नावाजलेला वैमानिक एडी रिकनबॅकर. गणवेश, बिल्ले, संचलन, सगळं जय्यत. आणि १९४४च्या उन्हाळ्यात, युद्ध ऐन रंगात असताना, हे सगळं गुंडाळलं गेलं. वरून आलेल्या मंडळाचं वरचं लक्ष उडालं की त्याला खाली कुणी वाली राहत नाही. त्याच काळात वर्गांची नाटकं मात्र होतच राहिली.

ती कशी झाली हे पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९४२मध्ये सक्तीच्या भरतीचं वय अठरावर आलं. शेवटच्या सहामाहीत असलेल्या मुलाला वर्ष संपेपर्यंत सवलत मिळे, पण नाटकात घेतलेला मुलगा प्रयोगापर्यंत गावात असेल याची खात्री उरली नाही. ज्यांना भरती नव्हती ते कारखान्यांत आणि शेतांवर. मग शिक्षकांनी फक्त मुलींच्या पात्रांची नाटकं शोधायला सुरुवात केली, वडिलांची आत्या केली, दुकानदाराची दुकानदारीण केली. (आपल्या रंगभूमीने पुरुषांकडून बायका करून घेण्यात कित्येक दशकं घालवली, तिथे दोन हंगामांत उलटं घडलं आणि फारसं कुणाचं बिघडलं नाही.) यात चुकतं कुठे, तर फक्त नाव बदलून. ‘काका’ची ‘काकू’ केली पण तिचे संवाद जर त्या घरातल्या पुरुषी अधिकारावर उभे असतील तर प्रसंग लंगडतो. नातं बदललं की निदान त्या पात्राची ये-जा आणि इतरांनी तिच्याशी बोलण्याची पद्धत पुन्हा लिहावी लागते. टायरवर जानेवारी १९४२पासून आणि पेट्रोलवर त्या वर्षाच्या डिसेंबरपासून देशभर रेशनिंग. साध्या गाडीला आठवड्याला जेमतेम तीन-चार गॅलन. लांबच्या गावी बस घेऊन स्पर्धेला जाणं अवघड झालं. फेब्रुवारी १९४३पासून माणशी वर्षाला चामड्याचे तीनच जोड, त्यामुळे वेशभूषेसाठी वेगळे बूट हा विषयच मिटला. किनारपट्टीवर रात्री दिवे मंद ठेवण्याचे हुकूम. नेपथ्याविना चालणारं, दोन टेबलं, काही खुर्च्या आणि दोन शिड्यांवर उभं राहणारं थॉर्नटन वाइल्डर यांचं ‘अवर टाउन’ १९३८चं होतं. ते युद्धासाठी लिहिलेलं नव्हतं, पण टंचाईच्या काळात शाळांना अशा नाटकांचा फार आधार झाला.

आता पैशांची गोष्ट. तिथे सरकारी बचत तिकिटं शाळांत विकली जात, दहा आणि पंचवीस सेंटची. पंचवीस सेंटची ७५ तिकिटं वहीत चिकटवली की १८ डॉलर ७५ सेंट होत, त्यांचं रोखं मिळे, आणि दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर. कार्यक्रमाला प्रवेश हवा तर बचत तिकीट घ्या, अशी पद्धत निघाली. मला ही तडजोड चोख वाटते, कारण तिने नाटकाला स्पर्श केला नाही. गल्ला युद्धाकडे गेला, संहिता वर्गाकडे राहिली. मनोबलवाल्यांशी वाटाघाट करायची तर रेष इथेच आखावी.

आणि हो, युद्धाला खरोखर उपयोगी पडलेली मंडळंही होती. ते नाकारणं कोतेपणाचं होईल. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने शाळांच्या सुतारकाम-वर्गांकडे विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या. प्रमाण १:७२, लाकडी, काळ्या रंगात. हे प्रमाण उगाच निवडलेलं नव्हतं: ३५ फुटांवर धरलेली प्रतिकृती डोळ्याला अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, आणि नुसत्या काळ्या आकारावरून मित्र की शत्रू हे ओळखण्याचा सराव होतो. पंखाची जाडी साच्यात बसली नाही तर ती प्रतिकृती निरुपयोगी, कारण चुकीचा आकार पाठ झालेला तोफची उद्या आपलंच विमान पाडेल. १९४४मध्ये मुलांनी मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती. जावाकडून येणाऱ्या शेवरीसारख्या कापसाचा पुरवठा जपान्यांनी तोडल्यावर लाइफ जॅकेटात तिचा कापूस भरला गेला, दोन पोती शेंगांमागे एक जॅकेट. विज्ञान मंडळाला याहून चांगला प्रकल्प कुठला? पण ही कामं चांगली ठरली ती त्यांना कसब लागत होतं म्हणून आणि ती संपणारी होती म्हणून. नौदलाची मागणी पुरी झाली, मुलं पुन्हा खुर्च्या बनवू लागली. मंडळ मंडळच राहिलं.

मनोबलाचा युक्तिवाद जिथे पूर्ण कोसळतो ती जागाही त्याच देशात आहे. फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकलं गेलं. दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. कॅलिफोर्नियातल्या मँझनारच्या छावणीत हायस्कूल निघालं. मंडळं होती, नाटकं होती, ‘अवर वर्ल्ड’ नावाचा वार्षिकांक निघाला, आणि १९४४मध्ये बंदिवानांनी स्वतः सभागृह बांधलं, जे आज तिथलं संग्रहालय आहे. आता सांगा, या मुलांचं नाटक कुणाचं मनोबल वाढवण्यासाठी होतं? ज्या राष्ट्राने त्यांना शत्रू ठरवलं त्याचं? देशभक्तीपर कार्यक्रम ठेवा म्हणणाऱ्यांनी या मुलांच्या हातात कुठली संहिता दिली असती? वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत स्काउटचं पथक होतं. शेजारच्या कोडी गावातलं गोरं पथक तिथे भेटीला आलं, आणि दोन मुलं एकाच तंबूत आली: नॉर्मन मिनेटा आणि ॲलन सिम्पसन. मोठेपणी एक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, दुसरा सिनेटमध्ये गेला, आणि १९८८मध्ये छावण्यांबद्दल माफी व भरपाई देणाऱ्या कायद्यासाठी दोघेही उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून कुणी मनोबलाची अपेक्षा केली नव्हती. गाठी मारणं आणि तंबू ठोकणं एवढंच काम होतं.

उलट टोकाला जपान. १९४१मध्ये तिथल्या शाळांतली क्रीडा आणि कला मंडळं ‘राष्ट्रसेवा पथका’च्या एका छत्राखाली आणली गेली. बंदी कशावरच नव्हती, फक्त व्यवस्था बदलली. पण एकदा मंडळाचा प्रमुख हा तुकडीचा प्रमुख झाला की पुढचा हुकूम द्यायला नवी यंत्रणा लागत नाही. आधी शेतकाम, मग कारखाना, आणि एप्रिल १९४५पासून प्राथमिक सोडून बहुतेक सगळ्या शाळांतले वर्गच वर्षभरासाठी स्थगित. ओकिनावात २३ मार्च १९४५च्या रात्री दोन मुलींच्या शाळांतल्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षकांना लष्करी इस्पितळात शुश्रूषेला नेण्यात आलं. गुहांमध्ये, भूल न देता केलेल्या शस्त्रक्रियांत हातपाय धरायला. २४०पैकी १३६ परतले नाहीत. आज जग त्या मुलींना ज्या ‘हिमेयुरी’ नावाने ओळखतं, ते दोन शाळांच्या नियतकालिकांची नावं जोडून बनलेलं होतं. शाळेच्या मासिकापासून फील्ड हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता इतका सरळ असू शकतो.

‘भारतात असं थोडंच होतं?’ नाही झालं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण सक्तीचा मोह आपल्यालाही झाला होता. १९६२च्या पराभवानंतर १९६३मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची केली. १९६८मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली, आणि १९६९मध्ये पर्याय म्हणून एनएसएस आली. माझ्या मते आज एनसीसीला जी प्रतिष्ठा आहे ती या ऐच्छिकपणामुळे आहे. हौसेने आलेला कॅडेट पहाटे साडेपाचला मैदानावर असतो. हजेरीसाठी आलेला झाडाच्या सावलीत.

आता माझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा. युद्धात मुलांच्या नाटकाचा वापर खोटेपणा लपवायला होऊ शकतो, आणि झालेला आहे. संगीतकार हान्स क्रासा यांचा ‘ब्रुंडिबार’ हा बालसंगीतनाट्याचा प्रयोग प्रागमधल्या ज्यू अनाथाश्रमातल्या मुलांनी केला होता. क्रासा त्याआधीच आणि ती मुलं नंतर तेरेझिनच्या नाझी छावणीत पोचली. तिथे २३ सप्टेंबर १९४३पासून ५५ प्रयोग झाले. गाड्या भरून मुलं पूर्वेकडे पाठवली जात, म्हणून पात्रं पुन्हा पुन्हा बदलावी लागत. २३ जून १९४४ला रेडक्रॉसचं पथक आलं तेव्हा नाझींनी हाच प्रयोग त्यांना दाखवला, वर त्याचं चित्रीकरण केलं: पाहा, मुलं किती आनंदात आहेत! त्या मुलांपैकी बहुतेक आउश्वित्झला मारली गेली. नाटक मुलांचं होतं, आनंद खरा होता, आणि तरीही ते खोट्याच्या कामी आलं. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच दाखवता येतं की त्याच छावणीत, त्याच वयाची मुलं, ‘वेदेम’ नावाचं साप्ताहिक काढत होती. एकच प्रत, सुरुवातीचे अंक टंकलिखित, मग हाताने लिहिलेले. पेत्र गिन्झ संपादक. शुक्रवारी संध्याकाळी खोलीत वाचून दाखवायचं, बस्स. त्याची सुमारे ८०० पानं उरली आहेत आणि त्यांत टिंगल आहे, कविता आहेत, छावणीतल्या शवागाराची आणि स्वयंपाकघराची वार्तापत्रं आहेत. बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायला ते नव्हतंच. ज्या उपक्रमाचा प्रेक्षक आणि मालक दोन्ही मुलंच असतात तो पळवून न्यायला कठीण जातो, अशक्य नाही. म्हणून पाहुण्यांसाठीचा एक मोठा सोहळा करण्यापेक्षा वर्गापुरते चार छोटे प्रयोग मला केव्हाही बरे वाटतात.

नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सॉच्या वस्तीत यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून १८ जुलै १९४२ला रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करून घेतलं. चार दिवसांनी वस्ती रिकामी करायला सुरुवात झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलं आणि कोर्चाक एकाच गाडीने ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेले. हा दाखला लोक हुंदक्यासाठी वापरतात. मला त्यातला निवडीचा भाग महत्त्वाचा वाटतो. उपासमारीत, टायफसमध्ये, या माणसाने शत्रूला शिव्या देणारं किंवा शौर्याचं नाटक निवडलं नाही. खिडकीशी बसलेल्या आजारी मुलाचं निवडलं. मुलांना ज्याबद्दल बोलायचं होतं ते त्यात होतं.

आणि आपल्या अंगणातलं उदाहरण तर आपण जवळजवळ विसरलो आहोत. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. त्या वसाहतीत शाळा उभ्या राहिल्या, चर्च उभं राहिलं, स्काउटची पथकं होती, रंगमंच होता. कित्येकांचे वडील आघाडीवर होते किंवा मेले होते, स्वतःचा देश नकाशावर राहील की नाही याची खात्री नव्हती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. या मुलांना ‘आधी युद्ध संपू दे, मग नाटक’ असं कुणी सांगितलं असतं तर? जी मुलगी अकराव्या वर्षी आली ती सोळाव्या वर्षी परत निघाली. तिची शाळा म्हणजे तेवढीच.

शोभेचा मुद्दा राहिला. गावातल्या जवानाचं पार्थिव आलेलं असताना शाळेत ढोल वाजू नये, हे कळायला वैचारिक लेख लागत नाही. त्या आठवड्यात कार्यक्रम करू नये. पण ही शोकाची रीत झाली. शोकाला दिवस असतात आणि ते गाव ठरवतं. हजार किलोमीटरवरच्या लढाईसाठी राज्यभरच्या शाळांनी अनिश्चित काळ सुतकात बसावं, हे त्या रीतीत बसत नाही. शिवाय ज्यांच्या नावाने हे केलं जातं त्या घरातल्या मुलांना विचारतं कोण? ज्याचे वडील सीमेवर आहेत त्या मुलाला तालमीचा तास हा दिवसातला टीव्हीपासून दूर असलेला एकमेव तास असू शकतो. वर्गशिक्षकाने त्याला एकट्याला, चारचौघांत नव्हे, विचारावं: काम करायचंय, पडद्यामागे राहायचंय, की यंदा नको? आणि त्याला सैनिकाच्या मुलाची भूमिका हौसेने देऊ नये.

‘पण वेळ कुठे आहे, मुलांनी उपयोगी कामं करावीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा अमेरिकेचाच हिशेब. युद्धाच्या वर्षांत तिथली हायस्कूलची पटसंख्या दहा लाखांहून जास्त घटली, कारण चौदा ते सतरा वर्षांची मुलं पगाराच्या कामाला लागली. शेवटी त्याच सरकारला ‘शाळेत परत या’ अशी देशव्यापी मोहीम काढावी लागली. ज्या वयाच्या मुलाला कारखान्यात पैसे मिळतात त्याला शाळेत धरून ठेवणाऱ्या गोष्टी किती असतात? बीजगणित नक्कीच नव्हे.

आता समजा ठरलं की करायचं, तर कसं. मैदानावरचा मांडव पहिल्यांदा बाद: कापड, एकच फाटक, जनरेटर आणि दोन हजार माणसं. जवळच्या तळघराचं किंवा तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या जागेचं क्षेत्रफळ मोजा आणि चौरस मीटरला दोन माणसं धरा. जागा ९० चौरस मीटर असेल तर १८०. त्यातून कलाकार, पडदेवाले आणि शिक्षक मिळून तीस वजा करा. उरले दीडशे प्रेक्षक. शाळेत सहाशे मुलं असतील तर चार प्रयोग. कंटाळवाणं वाटतं, पण नाटकाच्या दृष्टीने हीच चैन आहे. आपल्याकडे मुलं दोन महिने तालमी करतात आणि एकदाच रंगमंचावर जातात. ब्लॅकआउट असेल तर डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो हे धरून साडेतीनला पडदा पडलेला हवा.

प्रत्येक भूमिकेला बदली तयार करतात ते बहुधा नायकापुरतं. प्रत्यक्षात प्रयोग अडतो तो प्रकाशाचा किंवा संगीताचा मुलगा आला नाही म्हणून. बदली आधी त्यांना द्या. संहितेत दर पाच-सात मिनिटांनी, शक्यतो एखाद्या प्रवेशाच्या तोंडाशी, प्रॉम्प्टरने लाल रेघ मारावी. भोंग्यानंतर प्रयोग तिथून उचलायचा, तुटलेल्या वाक्यापासून नव्हे. एक रंगीत तालीम मध्येच थांबवून, सगळ्यांना खाली नेऊन, हजेरी घेऊन पुन्हा सुरू करायची. हमखास घोटाळा होतो तो इथे: प्रेक्षकांतल्या मुलांची हजेरी वर्गवार लागते, आणि विंगेत तोंडाला रंग लावून उभी असलेली मुलं कुठल्याच वर्गशिक्षकाच्या यादीत सापडत नाहीत. त्यांची वेगळी यादी, तिची एक प्रत दारावर. विंगेत एक मीटर रुंद वाट पूर्ण मोकळी. नेपथ्य म्हणजे दोन लेव्हल, एक बाक, चार खुर्च्या, बस्स. वीज गेली तर दोन बॅटरीचे दिवे आधीपासून चालू.

आणि रंगमंचावर भोंग्याचा आवाज नको, सुतळी बाँब नको, गोळीबाराची ध्वनिफीत नको, अचानक पूर्ण काळोख नको. खऱ्या भोंग्यांच्या दिवसांत खोटा भोंगा वाजवणं म्हणजे मुलांना दोन्ही चुका शिकवणं: खोट्याला घाबरणं आणि खऱ्याला दुर्लक्षणं. गंमत अशी की ‘मनोबल’वाली देशभक्तीपर नाटुकली नेमक्या याच आवाजांवर उभी असतात.

राहिला तो परिपत्रकातला एक शब्द: ‘स्थगित’. रद्दपेक्षा तो सभ्य दिसतो म्हणून जास्त वापरला जातो. पण ‘परिस्थिती निवळल्यावर’ ही कुठल्याच दिनदर्शिकेतली तारीख नाही, आणि फेब्रुवारी उजाडला की परीक्षांपुढे कुणाचं काही चालत नाही. पाचवीतल्या मुलाला पुढचं वर्ष आहे, दहावीतलीला त्या शाळेत नाही. म्हणून स्थगितीचा कागद काढायचाच असेल तर त्याच कागदावर नवी तारीख, जागा आणि प्रेक्षकसंख्या असावी, आणि खाली मुख्याध्यापकांबरोबर नाट्यमंडळाच्या विद्यार्थी-प्रमुखाचीही सही असावी.